फोन-कॉम्प्युटर अडकला? दुकानात न्यायच्या आधी घरीच काय काय करून बघायचं (खास आपल्या खान्देशासाठी)

अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्याकडे एकच विषय चालू होतो. कोणी मामा म्हणतो मना मोबाईल गरम व्हई ऱ्हायना (माझा मोबाईल गरम होतोय), कोणाचा फोन चार्जच होत नाही, कोणाचा कॉम्प्युटर कूलर लावला की बंद पडतो. आणि लगेच सगळे निघतात जळगावच्या गोलाणी मार्केटला, उन्हातान्हात, गावाहून यष्टी पकडून. यातल्या बऱ्याच गोष्टी घरबसल्या होण्यासारख्या असतात. फोन किंवा मशीन खरंच खराब झालेलं नसतं, ऊन, धूळ, कापसाचे तंतू, लाईटीचा खेळ आणि भरून गेलेली मेमरी यातलंच काहीतरी असतं. म्हणून हा लेख, ज्यांनी नुकताच फोन-कॉम्प्युटर हातात घेतलाय त्यांच्यासाठी.

एक नियम आधीच सांगून ठेवतो, पुढे सगळीकडे तो लागणार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बघायचं. चार्जर पण बदलला, केबल पण बदलली, सेटिंग पण बदलली आणि फोन चालू झाला, तर मग नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि आठ दिवसांनी तोच त्रास परत.

पहिलं काम : नीट रिस्टार्ट

सगळेच सांगतात रिस्टार्ट करा, पण नीट कसं ते कोणी सांगत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते, ती चालू असली की तुम्ही शट डाऊन केलं तरी विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. म्हणजे कालची अडकलेली गोष्ट आजही अडकलेलीच. रिस्टार्ट दाबलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून प्रिंटर, वायफाय, आवाज असलं काही अडलं की शट डाऊन नको, स्टार्ट मेनूत जाऊन रिस्टार्टच.

स्क्रीन काळी झाली पण आतला पंखा चालू आहे, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. डिस्प्लेचा ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारा प्रोग्राम) परत सुरू होतो, स्क्रीन एकदा लुकलुकते आणि उघडलेल्या फाईली जागेवरच राहतात.

फोन पूर्ण गोठला असेल तर बऱ्याच अँड्रॉइडमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचं. आयफोनला (८ पासून पुढच्या) आवाज वाढवायचं बटण एकदा दाबून सोडा, कमी करायचं एकदा दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. याने डेटा जात नाही, घाबरायचं काम नाही.

फोन चार्ज होत नाही

कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत ही तक्रार ठरलेली. खिशात फोन, खिशात रुईचे तंतू, आणि चार्जिंगचं भोक खाली तोंड करून. ते तंतू हळूहळू आत जातात, दरवेळी केबल खुपसली की आणखी दाबले जातात, आणि शेवटी तळाशी टणक गादी तयार होते. मग केबल घातली तर पूर्ण आत बसत नाही, थोडी हलवली की चार्जिंग चालू, सोडली की बंद. दुकानात गेलात तर पहिलं वाक्य ऐकू येतं, चार्जिंगची पट्टी बदलावी लागेल. त्याआधी हे करा:

१. दुसरी केबल लावून बघा, चार्जर तोच ठेवून. मग दुसरा चार्जर, केबल तीच ठेवून. दोन्हीने फरक नाही पडला तरच पुढे.

२. फोन पूर्ण बंद करा. मोबाईलच्या टॉर्चने नाही, खऱ्या बॅटरीच्या उजेडात भोकात बघा. तळाशी करडं-पांढरं काही दिसतंय का?

३. लाकडी टूथपिक घ्या, टोक थोडं चपटं करा, आणि कडेकडेने हलक्या हाताने ते बाहेर ओढा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको, आत बारीक पट्ट्या असतात, एक वाकली की मग खरंच पट्टी बदलावी लागते. टाइप सी मध्ये मधोमध एक पातळ जीभ असते तिला धक्का लावू नका, तिच्या आजूबाजूनेच फिरवा.

४. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

कधीकधी अख्खी गोळी बाहेर येते आणि बघणारा माणूस बघतच राहतो. केबल 'टक' करून बसली की समजायचं काम झालं.

दुसरी एक विचित्र तक्रार, चार्जिंगला लावलं की टच आपोआप उड्या मारतो, न दाबता ॲप उघडतात. लोकांना वाटतं फोन हॅक झाला. हॅक नाही भाऊ, चार्जर हलका आहे. हलक्या चार्जरमधून गोंगाट असलेला करंट येतो आणि टच स्क्रीनला बोट कुठंय तेच कळत नाही. केबल काढली की टच नीट चालतो ना? मग चार्जर बदला, फोन नाही.

आणि शेतातल्या मोटारीच्या बोर्डावरून वायर काढून फोन चार्ज करणं कृपा करून बंद करा. तिथे न्यूट्रल धड नसतो, व्होल्टेज कुठल्या कुठे जातं, फोन तर जातोच पण माणसाच्याही जिवावर बेततं. पॉवर बँक घ्या, घरून भरून न्या.

ऊन

ॲपल आपल्या फोनसाठी सांगते की ० ते ३५ अंश तापमानात वापरा, आणि बंद ठेवायचा असेल तरी ४५ च्या वर नको. आता आपल्या भुसावळ-जळगावचा मे महिना आठवा. ४४-४५ अंश तर सावलीतलं तापमान, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे दुपारी फोनने स्क्रीन अंधुक केली, कॅमेरा बंद केला, चार्जिंग थांबवलं, तर तो बिघडलेला नाहीये, तो स्वतःला वाचवतोय.

अशा वेळी कव्हर काढा, चार्जिंग काढा, मोबाईल डेटा आणि लोकेशन बंद करा, आणि पंख्याखाली सावलीत ठेवून द्या. फ्रीजमध्ये ठेवू नका. हे दरवर्षी कोणी ना कोणी करतंच. गरम फोन एकदम थंडीत गेला की आतल्या बाजूला दव धरतं आणि मग पाण्यात पडल्यासारखीच गत.

मोटरसायकलच्या हँडलवर फोन लावून रावेर-यावलच्या रस्त्याने दुपारी फिरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर थेट ऊन. दुसरं, इंजिनाचं कंपन. कॅमेऱ्याच्या लेन्सला स्थिर ठेवणारा नाजूक भाग त्या कंपनाने खराब होऊ शकतो, ॲपलने स्वतः तशी सूचना दिलेली आहे. रस्ता बघायचा तर इअरफोन एका कानात लावून मॅपचा आवाज ऐका, फोन खिशात.

बॅटरी सगळ्यात जास्त कशाने मरते तर उष्णता आणि फुल चार्ज हे दोन्ही एकत्र आल्याने. रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावून झोपणं म्हणजे दोन्ही एकदम. उन्हाळ्यात ८० टक्क्यांवर काढत जा, बऱ्याच नव्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्येच ही मर्यादा लावता येते. फोनची पाठ फुगून वर आली, किंवा लॅपटॉपचा टचपॅड उचलला गेला तर बॅटरी फुगलीय, तो चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर अजिबात नाही, सरळ बदलून घ्यायची.

धडगाव, तोरणमाळ किंवा चोपड्याच्या वर सातपुड्यात गेलात आणि फोन काहीच न करता गरम होतोय, बॅटरी पळतेय, तर कारण नेटवर्क. टॉवर सापडत नाही म्हणून फोन पूर्ण जोर लावून शोधत बसतो. विमान मोड लावून ठेवा, फोन करायचा तेव्हा काढा.

पाण्यात पडला

केळीच्या बागेत ठिबक बघताना खिशातून पाण्यात पडणं नेहमीचं. लगेच बंद करा, कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, भोक खाली करून हाताच्या तळव्यावर हलकेच आपटा, आणि पंख्यासमोर ठेवून द्या, शक्यतो अख्खा दिवस. तांदळात ठेवायचं नाही. तांदळाचा भुसा आत जातो, फायदा काही नाही, ॲपलनेही नको म्हणून सांगितलंय. मधेच चालू होतो का बघायचा मोह आवरा, पाण्यापेक्षा पाण्यात फिरलेला करंट जास्त नुकसान करतो.

मेमरी फुल

गुड मॉर्निंगची फुलं, हळदीचे व्हिडिओ, तीच कीर्तनाची क्लिप पाच ग्रुपवरून पाच वेळा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. मोठ्या फाईली आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या फाईली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात, तिथून उडवा. 'स्टोरेज अँड डेटा'च्या पानावर परत येऊन आपोआप डाऊनलोड बंद करा. फोटो डिलीट करूनही जागा झाली नाही असं वाटलं तर गॅलरीतली कचरापेटी रिकामी करा, फोटो तिथे महिना-दोन महिने पडून असतात.

आणखी एक, जीमेलवर मेल येणं बंद झालं तर बहुतेक तुमची गुगलची १५ जीबी जागा भरलीय. ही १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटो मिळून असते, आणि आता अँड्रॉइडच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. कितीतरी पोरांचे नोकरीचे मेल यामुळे परत गेलेत, म्हणून महिन्यातून एकदा बघत जा.

स्क्रीनवर आपोआप जाहिराती

कुठलं तरी ॲप हे करतंय, प्रश्न कुठलं एवढाच. पॉवरचा मेनू उघडा आणि 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड विचारतो. सेफ मोडमध्ये फक्त फोनबरोबर आलेले ॲप चालतात. तिथे जाहिराती थांबल्या तर तुम्ही टाकलेलंच कुठलं तरी ॲप दोषी. मग साधा रिस्टार्ट करून बाहेर या आणि सगळ्यात नवीन टाकलेलं ॲप आधी काढा, मग त्याच्या आधीचं. टॉर्च, बॅटरी सेव्हर, क्लीनर असल्या नावांवर पहिला संशय घ्या.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाने 'एपीके' फाईल आली तर उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरी. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप नसते. हे ॲप तुमचे एसएमएस वाचतं आणि ओटीपी पुढे पाठवतं. चुकून टाकलंच असेल तर लगेच विमान मोड लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला, हे घरातल्या आबा-नानांना, ताई-माईंना परत परत सांगा. तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत असा संशय आला तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

यूपीआय ॲप नव्या फोनमध्ये चालूच होत नसेल तर बघा की बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये आहे ना, ॲपमध्ये तेच सिम निवडलंय ना, आणि त्या सिमवरून एसएमएस जातो का. नोंदणीच्या वेळी फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो. रिचार्ज संपला असेल तर तो जातच नाही आणि ॲप नुसतं गोल फिरत बसतं.

कॉम्प्युटर आणि आपली लाईट

याच्यावर जरा जास्त लिहितो, कारण खान्देशात मशीन मरतात त्या बहुतेक इथेच.

घरात कूलर चालू केला की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, ही तक्रार घ्या. कूलरची मोटार सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, त्या क्षणी त्या लाईनवरचं व्होल्टेज खाली येतं, आणि आधीच व्होल्टेज कमी असलं की एसएमपीएस (कॉम्प्युटरला करंट पुरवणारा आतला डबा) हात टेकतो. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर कूलर आणि कॉम्प्युटर असेल तर हे हमखास. कॉम्प्युटरला वेगळ्या पॉइंटवर न्या, बस. आणि टेबल कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. कूलरच्या हवेत ओलावा तर असतोच, जाळीतून बारीक तुषारही उडतात, आपलं पाणी क्षाराचं, ते मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर) सुकलं की पांढरट थर बसतो आणि पिना गंजतात.

लाईट गेली की लगेच मेन प्लग काढा किंवा बटण बंद करा. लाईट येते तेव्हा पहिल्या मिनिटाला व्होल्टेज वरखाली उड्या मारतं. पंखा नीट एका वेगाने फिरायला लागला की मग चालू करा.

इन्व्हर्टर आहे तरी लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो? इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्विच बघा, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं असतं. यूपीएसवर ठेवला की लाईट जाताना इन्व्हर्टर इतक्या पटकन बदलतो की कॉम्प्युटरला कळत नाही. पण यूपीएस मोडमध्ये तो कमी व्होल्टेज चालवून घेत नाही. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की लाईट असूनही तो बॅटरीवरच चालत राहतो आणि रात्री बॅटरी संपलेली. त्यामुळे व्होल्टेज कमी असणाऱ्या गावात इन्व्हर्टर नॉर्मलवर आणि कॉम्प्युटरला छोटा वेगळा यूपीएस, हेच बरं.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला (लोखंडी डब्याला) हात लावला की झिणझिण्या येतात, हे अर्थिंग नसल्याचं लक्षण. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट कॅबिनेटकडे सोडतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे, अर्थिंगच नसलं की तुमच्या हातातून जातो. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा जोड लावला असेल तर तो आधी काढा. मग वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाकत जा. आणि कोणी वायरमन बोर्डातच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देत असेल तर करू देऊ नका. कुठे न्यूट्रल तुटला तर अख्खं कॅबिनेट फेजवर येईल.

पंखा फिरतो, स्क्रीनवर काही नाही

आधी मॉनिटरची वायर, मग पुढे. प्लग काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. बाजूचं झाकण उघडा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, रॅमच्या (मदरबोर्डवरच्या मेमरीच्या पट्टीच्या) दोन्ही बाजूच्या कड्या दाबून पट्टी काढा. सोनेरी कडेवर पांढऱ्या खोडरबरने हलकेच घासा, भुगा झटका, परत दोन्ही कड्या 'टक' होईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघा, कुठली वाईट आहे तेही कळेल. जुन्या मशीनमध्ये धूळ आणि दमटपणामुळे हे सारखं होतं आणि याने बऱ्याचदा डिस्प्ले येतो. पंख्यावर ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर गरगर फिरून बेअरिंग जातं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो.

तारीख दरवेळी मागे जाते आणि ब्राउझर म्हणतो तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही? मदरबोर्डवरचा बटणसेल संपलाय, सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

कॉम्प्युटर नुसता स्लो असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर बाकी काही करू नका, एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाका. रॅम वाढवण्यापेक्षाही हा पैसा जास्त कामी येतो. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा जुनं मशीन विकत घेताना ११ चालेल का ते आधी विचारा.

फॉर्म भरताना अडतं ते

ई-आधारची पीडीएफ उघडत नाही : पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्माचं साल. जुनी मराठी फाईल उघडली की एबीसीडीची खिचडी दिसते : ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, तो फॉन्ट टाका किंवा युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या फॉन्टमध्ये) बदलून घ्या, फाईल खराब झालेली नाही. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी टाकून फोनेटिक कीबोर्ड निवडा, २०१९ च्या अपडेटपासून तो आतच आहे.

तरीही दुकानात द्यायचाच असेल तर

*#०६# डायल करून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) वहीत लिहून ठेवा. फोटो आणि नंबरांचा बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा. फॉरमॅट मारू का असं विचारलं तर बॅकअप झाल्याशिवाय हो म्हणू नका. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती परत परत चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी आतला डेटा आणखी ओरखडला जातो, बंद करून तशीच डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. आणि फोन चोरीला गेला तर पोलिसात तक्रार, नवीन सिम, मग सरकारच्या संचार साथी साईटवर आयएमईआय टाकून ब्लॉक करा, फोन सापडला की तिथूनच अनब्लॉक करायचा असतो, नाहीतर हातात येऊनही त्यात नेटवर्क येत नाही.